खिदिरपूरचा डोळा

"ओ आमादेर टॉर्चवाला."

सरांनी पाहुण्यांशी माझी ओळख अशी करून दिली. आमचा टॉर्चवाला. माझ्या अंगात डॉक्टरचा पांढरा कोट होता. कलकत्ता विद्यापीठाची डोळ्यांची पदवी माझ्याकडे होती. तरी टॉर्च तसाच धरलेला.

एकाहत्तर-बहात्तरची गोष्ट. कलकत्त्यात, विद्यापीठाच्या नेत्रचिकित्सालयात सरांचा सत्कार होता. मेलेल्या माणसाचं बुबुळ ते आंधळ्या डोळ्यावर बसवत. त्यासाठी सुवर्णपदक मिळालं होतं. वीज गेलेली होती. बरे झालेले रुग्ण बाकावर ओळीनं बसवले होते. मी एकेकाच्या डोळ्यावर उजेड पाडायचा आणि पाहुण्यांनी भिंगातून वाकून बघायचं. वा, वा चाललं होतं.

शेजारी लेले उभे होते. सरांच्या हाताखालचे पहिले डॉक्टर. बागबाजारात तीन पिढ्या राहिलेलं मराठी घर. माझ्याशी मराठीत बोलायचे, म्हणून मला आपले वाटायचे. ते हळूच म्हणाले, "मनावर घेऊ नको रे. वरातीत गॅसबत्त्या तुमचीच माणसं धरायची ना? हात बसलेला आहे."

माझ्या आजोबांनी पाटलांच्या वरातीत डोक्यावर गॅसबत्त्या वाहिल्या. मानेवर चटके बसायचे. लेल्यांना हे मीच सांगितलं होतं. बेहाला भागातल्या माझ्या खोलीत, एका ताटात जेवताना.

इथवर ऐकून लोक मला बिचारा म्हणतात. म्हणू नका. पुढचं ऐका.

त्या बाकावर एक माणूस नव्हता. इद्रिस मियाँ. खिदिरपूरच्या गोदीत क्रेन चालवायचा. एक डोळा लहानपणीच देवीनं गेलेला, दुसऱ्यावर फूल पडलेलं. त्या दुसऱ्यावर सरांनी बुबुळ बसवलं. नंतरची तपासणी माझ्याकडे. तिसऱ्या महिन्यात ते बुबुळ धुरकट दिसायला लागलं. शरीर परकं बुबुळ नाकारत होतं. मी लेल्यांना सांगितलं.

"या ऑपरेशनांवरचा सरांचा निबंध या आठवड्यात छापायला जातोय," ते म्हणाले. "स्वच्छ लिही. लेखकांत तुझं नाव घालतो."

मी केसपेपरवर लिहिलं, स्वच्छ. खाली सही केली. स्वच्छ लिहिलेल्या डोळ्याला वॉर्डात खाट मिळत नाही. तासातासाला औषधाचे थेंब घातले असते, तर कदाचित वाचला असता. मियाँला म्हणालो, "ठीक है. दिखेगा." पुढच्या महिन्यात तेच. त्याच्या पुढच्याही.

सत्काराच्या सकाळी छापील निबंध वाटले. माझं नाव लेखकांत नव्हतं. आभारातही नव्हतं. मग तो टॉर्च हातात आला.

आणि मियाँ आला. सत्काराच्या दिवशी येऊ नको, असा निरोप मी धाडला होता. तो निरोप पोचलाच नाही. भाच्याचा खांदा धरून मियाँ दारात उभा.

"डाक्टर बाबू हैं? आज तारीख है हमारी."

लेल्यांचा चेहरा उतरला. "फाटकाबाहेर काढ त्याला. आत्ता. कुणी बघायच्या आत."

मी टॉर्च त्यांच्या हातात दिला. "तुम्ही धरा," म्हणालो.

मियाँला तपासणीच्या खोलीत नेलं. खिडकीशी बसवलं. यंत्राची गरजच नव्हती. बुबुळ उकडलेल्या अंड्यासारखं पांढरं झालं होतं. मी त्याच्या डोळ्यासमोर बोट धरलं.

"कितनी?"

"तीन?" त्यानं अंदाज केला. एकच होतं.

लेले मागोमाग आलेच. मी केसपेपर काढला. तिन्ही महिन्यांचं 'स्वच्छ' खोडलं. 'खोटी नोंद. बुबुळ धुरकट होतं,' असं लिहिलं. सही केली.

"वेडा झालास का? सगळीकडे सही तुझी आहे. आधी तू मरशील."

"मरू दे."

मग मियाँला सांगितलं. "झूठ लिखा था मैंने. मुझे पता था."

भाचा माझ्याकडे बघत होता.

"हमसे पूछ लेते, बाबू," मियाँ म्हणाला. "हम बोल देते, नहीं दिखता. आप बोले दिखेगा, तो हम गोदी के सरदार से कसम खाके आए. क्रेन पे लौटेंगे." तो उठला. मी हात पुढे केला. त्यानं घेतला नाही. "चल," भाच्याला म्हणाला.

निबंधात माझं नाव छापलं असतं, तर मी मियाँला फाटकाबाहेर काढलं असतं. हे मला पक्कं ठाऊक आहे. माझा अपमान झाला म्हणून मला त्याचा डोळा दिसला. ही लाज लेल्यांची नाही. माझी आहे.

शनिवारच्या बैठकीत मी केसपेपर वाचून दाखवला. सर म्हणाले, "हिंसे." मत्सर. लेले म्हणाले, "कोट्यातून आलेल्यांचं असंच असतं." महिनाभरात माझी नेमणूक संपली.

सरांचा निबंध आजही शिकवला जातो. त्यात इद्रिस मियाँचा डोळा बरा झालेला आहे. ज्या नियतकालिकानं तो छापला, त्याला मी पत्रं लिहितो. उत्तर येत नाही. मी पुन्हा लिहितो. मला लेखकांत जागा नको. तो डोळा यशस्वी डोळ्यांतून काढा आणि खोटी नोंद करणाऱ्याचं नाव छापा. ते माझं आहे, पूर्ण आडनावासकट. छापून येईपर्यंत मी थांबणार नाही.