शेऱ्याचा रकाना

बोईसरच्या आमच्या घरात कोरा कागद विकत आणणं ही चैन होती, आणि बाबांच्या लेखी तर जवळजवळ गुन्हाच. ते एका कापड रंगवण्याच्या कारखान्यात बॉयलरवर होते. दर तासाला प्रेशर, पाण्याची पातळी, चिमणीचं तापमान एका छापील तक्त्यात लिहायचं आणि शेवटच्या रकान्यात शेरा, हे त्यांचं काम. साहेबांकडे जाणारा तक्ता स्वच्छ लागे. खाडाखोड झाली की बाबा अख्खा तक्ता पुन्हा उतरवून काढत आणि खराब झालेला घरी आणत. तो पाठकोरा असे. माझं सगळं बालपण त्या पाठीवर गेलं.

वही शिवायची त्यांची एक पद्धत होती. कागदाला मधोमध घडी घालायची, लिहिलेली बाजू आत, कोरी बाहेर. मग घडीची कड बाहेर ठेवून सुट्या कडा पाठीकडून शिवायच्या. म्हणजे वहीचं प्रत्येक पान दुहेरी, आणि आकडे त्या पानाच्या पोटात. मी विचारलं होतं, एवढा खटाटोप कशाला? ते म्हणाले, कारखान्याचे आकडे चारचौघांना दिसू नयेत. ते कोण पाहणार होतं देव जाणे. पण वही फार सुरेख व्हायची. पान जाड, रंग पलीकडे उतरायचा नाही.

पुढे मी त्यात माझी भर घातली. पुठ्ठा मिठाईच्या किंवा साड्यांच्या खोक्यांचा. वर चिकटवायला कापडाचे नमुने, जे कारखाने हंगाम संपला की पोत्याने फेकून देतात. शिवायला मासेमारीच्या जाळ्याचा दोरा, मेण लावून. खळ मैद्याची, त्यात चिमूटभर मोरचूद, म्हणजे कसर लागत नाही. दाबायला आईचा पाटा. अल्बम करायचा तर फोटोचे कोपरे अडकवायला लग्नपत्रिकांच्या पाकिटांचे कोपरे कापून घ्यायचे, आयते तयार मिळतात. आमच्या इमारतीत लग्नपत्रिका आली की लोक आधी पाकीट माझ्याकडे पाठवायचे आणि मग तारीख बघायचे.

हे सगळं मी एकीलाच शिकवलं. ती केळव्याची, पानवेलींच्या वाडीतली. आम्ही कॉलेजात एका बाकावर होतो. तिच्या गाडीला वेळ असे म्हणून दुपारी ती आमच्याकडे जेवायची. आई तिच्यासाठी वेगळी भाकरी ठेवायची. बाबा दुसऱ्या पाळीला जाण्याच्या तयारीत असत, ते तिच्याशी तेवढंच बोलत जेवढं माझ्याशी, म्हणजे काहीच नाही. तिला त्याची मोठी गंमत वाटायची. तिचे वडील गप्पांचा कारखाना. पानं खुडतानासुद्धा वेलाशी बोलत. तुमच्या घरी किती शांत, असं ती म्हणायची, आणि मला राग यायचा. तिला ती शांतता दोन तास झेलायची असे. मला ती चोवीस तास होती.

बारावीनंतर मला मुंबईला चित्रकलेच्या कॉलेजात जायचं होतं. बाबा नाही म्हणाले. कारण दिलं नाही, आवाज चढवला नाही, नुसतं नाही. मी कॉमर्स केलं आणि आज एका कारखान्याच्या डिस्पॅचमध्ये बसते. त्या वर्षी मी त्यांच्याशी कामापुरतंसुद्धा नीट बोलले नाही. त्यांना त्याचं काही वाटलं की नाही, हे मला कधीच कळलं नाही. हा प्रश्न मी लग्न होऊन, मूल होऊन, चाळिशी ओलांडूनही उराशी बाळगून होते. वेडेपणा म्हणा हवं तर.

तीन वर्षांपूर्वी बाबा गेले. माळा आवरताना सुतळीने बांधलेला तक्त्यांचा एक गठ्ठा सापडला. मला वाटलं, वह्यांतून उरलेला असेल. सवयीने मी कोरी बाजूच आधी तपासली. मग एक कागद उलटला आणि शेऱ्याच्या रकान्यात दिसलं: ‘सर्व ठीक. आज हिचा उपास, म्हणून डबा नाही.’ दुसऱ्या एकावर: ‘पंप आवाज करतो. मुलगी नापास नाही.’ म्हणजे हे तक्ते खाडाखोडीने खराब झालेलेच नव्हते. घरी एक शब्द न बोलणारा माणूस तिथे बॉयलरशेजारी बसून शेऱ्यात हे लिहून जायचा, मग भानावर येऊन साहेबांसाठी तक्ता पुन्हा उतरवायचा. असले तक्ते त्यांनी मला वहीसाठी कधीच दिले नव्हते. बाजूला ठेवले होते, अधूनमधून साधेही त्यांत मिसळले होते.

गठ्ठा चांगला वीतभर होता आणि तारखांची सरमिसळ होती. मी तो एका बैठकीत वाचून काढायला हवा होता. कोणीही शहाण्या माणसाने तेच केलं असतं. मी ठरवलं, पुरवून पुरवून वाचायचं. दिवाळीला एक, त्यांच्या वाढदिवसाला एक, फारच एकटं वाटलं तर एक. खरं कारण वेगळं होतं. बारावीनंतरच्या त्या वर्षाचे तक्ते त्यात आहेत का, हे बघायचा मला धीर होत नव्हता. असतील आणि शेऱ्यात नुसतं ‘ठीक’ असेल तर?

गेल्या वर्षी आमच्या फ्लॅटला वाळवी लागली. दरवाजाच्या चौकटीतून कपाटात, कपाटातून पुस्तकांत. औषध मारणाऱ्याने सांगितलं, कागद म्हणून जे काय असेल ते घरातून हलवा. मी गठ्ठा पत्र्याच्या पेटीत घातला आणि केळव्याला तिच्याकडे नेऊन ठेवला. दुसरं नाव डोक्यात आलंच नाही. तिला सांगितलं, यात बाबांचं अक्षर आहे, मी अजून सगळं वाचलेलं नाही. ती म्हणाली, काळजी करू नकोस, देवाजवळ ठेवते. आणि खरंच ठेवली, मी डोळ्यांनी पाहिलं.

तिने तोवर वाडीत मुंबईकरांसाठी खोल्या बांधल्या होत्या. शनिवार-रविवार पाहुणे यायचे, समुद्र बघायचे, नारळपाणी प्यायचे आणि दुपारी कंटाळायचे. त्या दुपारसाठी तिने वही शिवायचा वर्ग सुरू केला. मला विचारून केला, मला आनंदच झाला. पहिल्या वर्गाला मी माझ्याकडचं नमुन्यांचं कापडही दिलं होतं. वाळवीचं काम संपलं, रंग झाला, पण पेटी आणायला जाणं राहत गेलं. आज जाऊ, उद्या जाऊ. चार महिने गेले.

मग एका रविवारी न सांगताच निघाले. वाडीत शिरले तेव्हा सुपारीच्या झाडांखाली सतरंजीवर दहा-बारा माणसं बसली होती, आणि ती त्यांच्यासमोर उभी राहून बोलत होती. माझ्याकडे तिची पाठ होती. मी हाक मारणार होते, पण ती इतकी शुद्ध बोलत होती की मला हसू आलं, म्हणून थांबले. ती सांगत होती, वडील बोईसरला बॉयलरवर होते. घरी कधी बोलत नसत. जे बोलायचं ते तक्त्यावर लिहीत. ही जी वही तुमच्या हातात आहे, तिच्या प्रत्येक पानाच्या आत माझ्या वडिलांचं अक्षर आहे.

मला वाटलं, माझ्याविषयी सांगतेय आणि ओघात माझे म्हणाली. मग एका बाईने विचारलं, काय लिहायचे? ती क्षणभर थांबली. पाठ केलेलं बोलण्याआधी माणूस थांबतो तशी. म्हणाली, “एकदा लिहिलं होतं, ‘मुलीला नाही म्हणालो. चुकलो बहुतेक. प्रेशर ठीक.’”

बाईच्या डोळ्यांत पाणी आलं. हे वाक्य मी वाचलेलं नव्हतं. ज्याच्यासाठी मी पंचवीस वर्षं थांबले, ते मला दुसऱ्यांच्या घोळक्यामागे उभं राहून, तिच्या तोंडून, तिच्या बापाचं म्हणून ऐकायला मिळालं. आणि ऐकणाऱ्यांपैकी एकाने टाळ्यासुद्धा वाजवल्या.

पाहुणे पांगल्यावर तिने मला पाहिलं. तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला, पण ती घाबरली नाही. मागच्या पडवीत नेलं, पाणी दिलं. मी पेटी मागितली. तिने पेटी आणून समोर उघडली. तळाशी सुतळी होती.

तिने काही लपवलं नाही, एवढं मान्य करायला हवं. सुरुवातीला कागद संपले म्हणून चार-पाच घेतले. वर्गात सांगितलं, हे माझ्या मैत्रिणीच्या वडिलांचे. लोकांनी बरं म्हटलं आणि पुढे गेले. मग एकदा कुणी समजलं की हे तिचेच वडील, आणि तिने मान हलवली. त्या दिवशी सगळे गप्प बसून ऐकत राहिले. मग ते तसंच चालू राहिलं. घडी घालण्याआधी तिने प्रत्येक कागद वाचला. एकही सोडला नाही. मी जे दोन वर्षांत केलं नाही ते तिने चार महिन्यांत केलं, आणि मग लिहिलेली बाजू आत टाकून, मी शिकवल्याप्रमाणे, कडा शिवून टाकल्या. वह्या कुठे कुठे गेल्या ते तिलाही ठाऊक नाही. आलेल्या माणसांनी नेल्या.

मी म्हटलं, मी तुला सांगून ठेवलं होतं.

“तुज्याकडं पडूनच होते ना? तू तरी कुठं वाचत होतीस?” ती म्हणाली. मग खाली बघत म्हणाली, “माज्या बाबानं जल्मात कदी माज्यासाटी दोन शब्द लिवले नाय. दिवसभर बोलायचा, पन सगलं वेलाला, गिराइकाला. मला बरं वाटायचं गो, सांगताना.”

मला तिची दया यायला हवी होती, असं नंतर माझा नवरा म्हणाला. त्याला सोपं आहे. मला त्या वेळी एवढंच वाटलं की माझ्या घरी जेवता जेवता हिची नजर ताटावर नव्हतीच.

एक वही कपाटात उरली होती, ती तिने दिली. रिक्षा थांबवून ठेवून मी तिथेच सुरीने घड्या कापत गेले. आकडे, आकडे, शेऱ्यात ‘ठीक’, पुन्हा आकडे. मी तिच्याकडे पाहिलं. ती म्हणाली, चांगली चांगली पानं आधी गेली. ते ऐकून मी रडले नाही, पण तिच्या घरातून निघताना तिच्या आईला नमस्कार करायचं राहून गेलं. तो मी आजवर कधी चुकवला नव्हता.

पाच महिने बोलले नाही. तिचे फोन यायचे, मी घ्यायचे नाही. कोणाला सांगू गेलं तर लोक म्हणत, रद्दीच तर होती. हे तर मीच सगळ्यांना शिकवत आले होते, की रद्दी पडू देऊ नये, तिचं काहीतरी करावं. त्यामुळे वाद घालायचीही सोय नव्हती. वह्या शिवणं मी बंद केलं. दाभण हातात धरलं की पुढचा कागद कोणाचा, याच विचाराने हात थांबायचा.

मग हळूहळू एक गोष्ट लक्षात यायला लागली आणि ती रागापेक्षा वाईट होती. बाबांनी काय लिहिलं होतं हे जगात आता एकाच माणसाला माहीत होतं. तिला. ती विसरत चालली असणार, रोज थोडं थोडं. माझा राग जितका टिकेल तितकं ते कमी होणार. शेवटी मीच फोन केला.

पालघरला स्टेशनबाहेरच्या एका हॉटेलात भेटलो. ती बाजारासाठी आली होती, पिशव्या पायाशी. चहा मागवला. मी डायरी उघडली आणि म्हटलं, मला भांडायचं नाही. आठवेल तेवढं सांग, शब्दाला शब्द.

‘चुकलो बहुतेक’ हे तर मला माहीतच होतं. त्याखेरीज तिने चार सांगितली. ‘पाऊस. घरी छत्री एकच.’ ‘हिला दवाखान्यात नेलं का, कळायला मार्ग नाही. पाणी पातळी ठीक.’ ‘मुलीचं चित्र खिशात होतं, घामाने भिजलं.’ आणि चौथं सांगताना तिने माझा हात धरला. ‘मुलगी माझ्यापेक्षा हुशार आहे. मला तिचा अभिमान वाटतो.’

मी चारही लिहून घेतली. पण पेन थांबलं होतं, तिनेही ते पाहिलं. बाबांनी उभ्या आयुष्यात अभिमान हा शब्द वापरला नसता. हे कोणाचं आहे, मी विचारलं. त्यांचंच, ती म्हणाली. मी पुन्हा विचारलं. आईची शपथ, ती म्हणाली. इतके महिने तिने अनोळखी माणसांना माझा बाप स्वतःचा म्हणून सांगितला होता, तोही असाच, डोळ्यांत बघून. आता तिला माझी भरपाई करायची असेल, तर तिने हे वाक्य रचलं असेल. किंवा पाहुण्यांसाठी आधीच रचलं असेल. किंवा नसेलही.

डायरी माझ्या कपाटात आहे. पहिली तीन मी बाबांची मानते, कारण ती मला हवी होती तशी नाहीत. चौथ्यावर माझा विश्वास नाही. आणि तेच एक त्यांनी खरोखर लिहिलं असेल, तर ते मी तिच्यामुळे खोटं ठरवून बसले आहे.