लग्नं नको, तिचं काम विचारा

मंडळी, आज दुपारी गारखेड्यातल्या वाचनालयात हॉलिवूडच्या एका जुन्या अभिनेत्रीवर बोलले. चाळिशीनंतर सिनेमावाल्यांनी तिला काम देणं बंद केलं, तेव्हा ती टीव्हीकडं वळली आणि म्हातारपणापर्यंत कॅमेऱ्यासमोर उभी राहिली.

पहिलाच प्रश्न एका काकांचा. "मॅडम, तिनं लग्नं किती केली?"

सगळे हसले. माझा घटस्फोट झालाय, हे तिथं सगळ्यांना ठाऊक होतं. लई राग आला.

"काका, तिचं काम विचारा. लग्नांचं मी सांगणार नाही."

आयोजक कुजबुजले, "जाऊ द्या ना, चिडता कशाला?" मी माईक सोडला नाही.

मागून एक ताई उठल्या. "चाळिशीनंतर तिनं नव्यानं सुरुवात कशी केली, ते सांगा की."

त्यावर अर्धा तास बोलले.

हो, चिडले मी. चिडायलाच हवं होतं ना?