पैंजणं पांढरीच राहिली

कर्जतजवळच्या एका मोठ्या वसाहतीच्या सांडपाणी पंपघराला लागूनच तिथे काम करणाऱ्या रोहिदासची खोली होती. गटाराच्या नळात साचलेल्या पाण्यातून घाण वासाचा वायू उठायचा. तो लोखंडी झाकणं खायचा, सिमेंट भुसभुशीत करायचा आणि खोलीत शिरून रोहिदासच्या बायकोची, जयवंताची, चांदीची पैंजणं काळी करायचा. शेजारच्या विठामावशी म्हणायच्या, "अंगात दोष असला की चांदी काळी पडते गं."

"दोष माझा नाय मावशी, नवऱ्याच्या गटाराचा हाय!" जयवंता हसून म्हणायची.

दर रविवारी ती पाय पुढे करून बसायची आणि रोहिदास दंतमंजनाने पैंजणं घासायचा. "अवो, हळू. पाय हाय, झाकण नाय," ती ओरडायची. वास बंद करणारं औषध येणार आहे, असं तो तिला दरवर्षी सांगायचा.

औषध येण्याआधीच ती तापाने गेली. त्याने पैंजणं खिळ्याला अडकवली. तिथेही ती काळी पडत आणि रविवारी तो ती मांडीवर घेऊन घासत बसे. तिचं म्हणून तेवढंच काम त्याच्याकडे उरलं होतं.

गेल्या उन्हाळ्यात पंपघरात औषधाची टाकी बसली. नळात थेंब थेंब औषध पडू लागलं आणि वास गेला. साहेबांनी रोहिदासची पाठ थोपटली.

पुढच्या रविवारी त्याने पैंजणं खाली काढली, तर ती लख्ख पांढरी होती. त्याने मंजनाचा डबा उघडला, बंद केला, पुन्हा उघडला आणि घासायला बसला.

विठामावशी दारात थांबल्या. "चकचकीत तर हायत रं. काय घासतोस?"

"काळी हायत, मावशी," तो मान वर न करता म्हणाला. "तुमाला दिसत नाय."