‘जुनी विकून राहिलो’

नागपूर स्टेशनावर डब्यातून उतरतो न उतरतो तोच माझ्या सत्तरीच्या वकील मामांनी वाकून माझ्या पायांना हात लावला. मी पुण्याचा माणूस, चारचौघांत शरमेने अर्धा झालो. “अहो मामा, हे काय!” तर म्हणाले, “इकडे भाच्याच्या पाया पडतात गा. चूप उभा राय.” तिकडे भाचा देवाच्या खालोखाल, त्याचा शब्द घरात कुणी मोडत नाही, असं आई सांगायची. लग्नानंतर तिने माहेरची बोली मात्र कुलपात घातली, आणि माझं तिथेच नडलं.

आठ दिवसांपूर्वी मामांचा ट्रंककॉल आला होता. “दोन्ही गाड्या पाहून जा. जुनी मी विकून राहिलो.” मी समजलो, विकून मोकळे झाले. गाड्यांचं वेड मला मामांचंच, त्यामुळे चांगलाच हळहळलो. पण जखमेवर मीठ कशाला चोळायचं? जायचं आणि नव्या गाडीचं तोंडभर कौतुक करायचं, असं ठरवून टाकलं.

नवी म्हणजे पांढरीशुभ्र अँबेसिडर. किल्ली फिरवली की सुरू, गादी म्हणाल तर सोफाच! गुडघ्यांनी बेजार झालेल्या मामीसुद्धा हसत आत बसल्या. सीताबर्डीवर तर्री-पोहे (पोह्यांवर हरभऱ्याचा झणझणीत रस्सा) खाताना नाकाडोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी माझं चालूच. “मामा, गाडी म्हणावी तर हीच!” मामा नुसते “हो बावा” म्हणाले.

दुसऱ्या दिवशी रामटेकला मात्र जुनीतून निघालो. घेणारा अजून न्यायला आला नसेल, असं मी धरून चाललो. ही लढाईच्या आधीची विलायती गाडी, काळी, कापडी टपाची. मामांनी पुढचं हँडल दोनदा फिरवलं, तिसऱ्यांदा ती खोकली आणि सुरू झाली. मामी दाराखालच्या पाटावर पाय ठेवून “आई गं” करत चढल्या. धानाच्या बांध्यांमधून (भातखाचरांमधून) आम्ही इतके सावकाश गेलो, की सायकलवाले मागे वळून हसत होते. गडाच्या चढाखाली पाणी उकळलं आणि गाडी थांबली.

शेतातली एक बाई बादली घेऊन आली. “काहून थांबली वं माय गाडी?” तिने मामींना विचारलं.

“तहानली,” मामाच म्हणाले. इंजिन निवेपर्यंत ते टपाला हात लावून उभे होते. आणि तरी मी म्हणालो, “नवी असती तर एव्हाना दर्शन झालं असतं.” मेल्या जिभेला हाड नाही!

तिसऱ्या दिवशी सकाळी जरीपटक्याहून एक गृहस्थ आले. लग्नाच्या वरातींना गाड्या पुरवायचा त्यांचा धंदा. “मंग वकीलसाहेब, सौदा पक्का करू काय?”

मी कप खाली ठेवला. “पक्का करू? मामा, तुम्ही तर विकून मोकळे झालात ना?”

“विकून राहिलो म्हटलं होतं! विकली असती तर विकली म्हटलं असतं.” मामा खुर्चीतून उठले. “तुले काहून बोलावलं मंग? तुही मामी म्हणते, दोन हत्ती कायले पोसायचे. तिच्यापुढे माझं काही चालत नाही, पण भाच्याचा शब्द तिलेही मोडता येत नाही. म्हटलं तू नाही म्हणशील, अन् तू तर नवीचीच आरती ओवाळून राहिला!”

म्हणजे ‘विकून राहिलो’ म्हणजे ‘विकतो आहे’! मला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. “मामा, विकायची नाही,” मी म्हणालो. “अजिबात नाही.”

“घ्या! झालं तुमच्या मनासारखं,” मामी म्हणाल्या आणि तोंड फिरवून आत गेल्या.

गृहस्थ हसले. “भाचा नाही म्हणून राहिला म्हणजे विषय संपला. चहा पाजा बावा.”

परतताना स्टेशनावर मामा गाडी सुटेपर्यंत खिडकीशी उभे होते. “आज तू बोलला नसता तर देऊन टाकली असती मी. अन् तुह्यावरचा राग घेऊनच मेलो असतो.”

वर्ध्यापर्यंत मी डोळे पुसत होतो. नवी गाडी सगळ्याच बाबतीत सरस, हे माझं मत आजही कायम आहे. पण ते मला कुणी विचारलंच नव्हतं.