बिबट्याच्या पोटातले हिरवे काठ

आमच्या द्राक्षबागेत तीसेक माणसं काठ्या घेऊन शिरली तेव्हा आत बिबट्या नव्हता, माझा नवरा होता. दुपारी घोंगडी पांघरून वेलींखाली झोपायची त्याची सवय. कानाचं मशीन काढून खिशात ठेवतो, सेल संपतो म्हणून. घोंगडी जराशी हलली. पुढचा ओरडला, "ते बघा, तिथं पडलंय." काठ्या वर झाल्या.

चूक माझी. सकाळी सुनेने मोबाइलवर एक गंमत केली होती. बागेत माझा फोटो काढला, मग भिंतीवरच्या कॅलेंडरातल्या बिबट्याचा काढला आणि एकावर एक चढवून दोन्हींचा एकच केला. मी बागेत उभी, बिबट्या माझ्या पायाशी.

"आई, तुम्ही घाबरलेल्या दिसत नाही."

"तो घाबरलाय," मी म्हटलं.

मला इतकी मजा आली की फोटो लगेच भजनी मंडळाच्या ग्रुपवर टाकला. मी चौथी शिकले, पण मोबाइलवर टाइप करायला मला तास लागतो. म्हणून खाली एक अक्षर लिहिलं नाही. दिंडोरीकडे बिबटे नेहमीचेच, त्यांच्या फोटोखाली काही लिहावं लागतच नाही. बायकांनी तो नवऱ्यांना पाठवला आणि जेवणं होतात न होतात तोच आमच्या बांधावर बिबट्याला हुसकायला फटाके वाजायला लागले.

मी ओरडत पळत सुटले. गुडघे गेलेत, तरी पळाले. फटाक्यांत माझं कोण ऐकतंय? बागेच्या तोंडाशी शेजारच्या शेतकऱ्याने मला अडवलं.

"काकू, मागं व्हा. आत जनावर हाय."

"जनावर नाय, माझा म्हातारा हाय. मोबाइल काढ तुझा. बिबट्याच्या पोटात बघ, काय दिसतं?"

त्याने फोटो मोठा केला. बिबट्याच्या पोटातून माझ्या लुगड्याचे हिरवे काठ आरपार दिसत होते.

"आयला," तो म्हणाला आणि दोन बोटं तोंडात घालून त्याने जोरात शिट्टी मारली. काठ्या वरच्या वर थांबल्या.

तेवढ्यात नवऱ्याने घोंगडीतून डोकं काढलं. एवढी माणसं जमलेली बघून मशीन कानात घातलं आणि विचारलं, "कोण गेलं रे?"

कोणी नाही. बिबट्या मुळात नव्हताच. त्या दिवशी वाचला तो माझा नवरा.