जर्सी मागायला स्वतः या

कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या यंत्रातून, म्हणजे रेच्यातून, रुई पुढं पडते आणि सरकी मागं साचत जाते. रुईच्या गठाणी रेल्वेनं निघून जातात, सरकीचा ढीग मात्र तिथंच राहतो. खेळाडूचंही असंच होतं. सामने संपले, शील्डं कुणाच्या कपाटात गेली कुणास ठाऊक, किस्से मात्र ढिगानं मागं उरले.

निजामाच्या राज्यात मी अकरा वर्षं परभणीच्या एका जिनिंग फॅक्टरीच्या फुटबॉल टीममध्ये लेफ्ट हाफ खेळलो. शाळा उर्दूत झाली. मराठी लिहायला मी वह्या भरून भरून स्वतःच शिकलो. प्रत्येक सामन्याची नोंद माझ्याकडं आहे: कोण खेळलं, गोल कुणी केला, वारा कुठून होता. म्हणून टीममध्ये मला ‘मुन्शी’ म्हणत.

आता ओळखीचे लोक म्हणतात, “मुन्शीजी, आत्मचरित्र लिहा!” म्हटलं, लिहू. वह्या काढून बसलो. पाहतो तर काय, पानोपानी मॅनेजरसाहेब! आत्मचरित्र माझं, आणि त्यात मलाच शोधावं लागतंय!

या माणसाचा मला अजून राग आहे, हे आधीच सांगून टाकतो.

*

वामनराव हे फॅक्टरीचे नायब मॅनेजर. शेठनी टीम त्यांच्याकडं सोपवली होती. काळी शेरवानी, काळी टोपी आणि बारा महिने हातात काळी छत्री. त्यांचा पाय चेंडूला लागलेला मी एकदाच पाहिला, तोही चेंडूच त्यांच्या अंगावर गेला म्हणून!

ते ओरडत नसत. शिवी तर कधीच नाही. त्यांची खोड वेगळी होती. कुणाच्याही तोंडावर ‘नाही’ म्हणायची त्यांची छाती नव्हती. मग टीममधून माणूस काढायचा कसा? तर परिटाकडून!

सामना झाला की गंगाराम परीट अकरा घरी फिरून जर्सी धुवायला न्यायचा. पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी साहेब त्याला नावं सांगायचे आणि गंगाराम इस्त्री केलेल्या जर्सी घरोघर पोचवायचा. ज्याच्या दारात तो थांबला, तो टीममध्ये. ज्याच्या दारावरून पुढं गेला, तो बाहेर. ना कारण, ना शब्द. आणि बाहेर म्हणजे नुसतं मैदानाबाहेर नव्हे. खेळाडू म्हणूनच आम्हाला फॅक्टरीत काम मिळालेलं. जर्सी गेली की महिन्याभरात कामही जायचं.

त्या दिवशी दुपारपासून अकरा घरचे लोक उंबऱ्यावर बसून असायचे. शिकलेली, लग्न झालेली, पोरंबाळं असलेली माणसं परिटाच्या पावलांकडं बघत बसायची!

*

एकदा गंगारामला ताप आला. जर्सी वाटायला त्याची बायको निघाली. बिचारीनं आमच्या राइट आउटची जर्सी शेजारच्या शिंप्याच्या घरात दिली. शिंप्याला वाटलं, मॅनेजरसाहेबांनी आपल्याला बोलावलंय. दुसऱ्या दिवशी गडी जर्सी घालून, कपाळाला गंध लावून मैदानावर हजर!

साहेब मला म्हणाले, “मुन्शी, त्याला विचारा, तो कसा काय आला.”

मी म्हणालो, “तुम्हीच सांगा ना त्याला, घरी जा म्हणून. दोन शब्दांचं काम आहे.”

साहेबांनी शिंप्याकडं पाहिलं. शिंप्यानं वाकून सलाम केला. साहेबांनी छत्री उघडली आणि तोंडापुढं धरली. ऊन मागून येत होतं!

शिंपी खेळला. पहिला चेंडू त्याच्याकडं आला, तो त्यानं दोन्ही हातांनी झेलला आणि आनंदानं उंच करून दाखवला. शिट्टी वाजली. तो माझ्याकडं वळून म्हणाला, “धरायचा नसतो व्हय? मग आधी सांगायचं की!”

त्याचं चुकलं नव्हतं. आधी सांगणारं कुणी नव्हतंच. आमचा खरा राइट आउट कडेला बसून रडत होता, त्यालाही कुणी काही सांगितलं नव्हतं.

*

हाफ टाइमला साहेब बोलत नसत, चिठ्ठी पाठवत. चपराशी ती पाकिटात घालून, मैदान ओलांडून आणायचा. वाचायचं काम माझं.

एकदा आम्ही दोन गोलांनी मागं होतो. धापा टाकत बसलेलो. पाकीट आलं. मी फोडलं. आत उर्दूत, सुंदर वळणदार अक्षरात, एकच ओळ: ‘गोल करणं जरुरी आहे.’

आमचा गोलकीपर रशीद लिंबू चोखत होता. तो थांबला. म्हणाला, “अरे बाप रे! ये तो हमना मालूमच नै था!”

सगळे हसले. मीही हसलो. घरी येऊन वहीत लिहिताना मात्र हसू आलं नाही. अकरा माणसं समोर बसलेली, पंचवीस पावलांवर हा बसलेला, आणि बोलायला पाकीट?

*

आता संभाचं सांगतो. खरा राग तिथला आहे.

संभा आमचा सेंटर फॉरवर्ड, पिंगळीचा. घरी थोडी जमीन, आठवडाभर फॅक्टरीत रेच्यावर काम. असा पाय मी पुन्हा पाहिला नाही. अनवाणी मारायचा, तरी गोलकीपर बाजूला सरकायचे.

जालन्याच्या टीमशी सामना होता. अव्वल तालुकदारसाहेब, म्हणजे जिल्ह्याचे मोठे हाकीम, खुर्चीवर बसलेले. दुसऱ्या हाफच्या सुरुवातीलाच संभाचा पाय खड्ड्यात गेला आणि गुडघा पिळला. आवाज मला ऐकू आला. त्या काळी बदली खेळाडू नसायचा. माणूस बाहेर गेला की दहाच उरायचे.

रशीद आणि मी त्याला धरून कडेला आणलं. संभानं साहेबांकडं बघितलं. “सायेब, बसू का? पाय टेकाना झालाय.”

साहेब ‘बस’ म्हणाले नाहीत. ‘खेळ’ असंही म्हणाले नाहीत. छत्री उघडली!

संभा थोडा वेळ त्या काळ्या कापडाकडं बघत राहिला. मग परत फिरला आणि अर्धा तास समोरच्या गोलपाशी एका पायावर उभा राहिला. शेवटी रशीदनं मारलेला लांब चेंडू त्याच्या कपाळाला लागून आत गेला. आम्ही एका गोलानं जिंकलो.

बक्षीस समारंभात साहेबांनी भाषण केलं, तेही तालुकदारसाहेबांकडं बघून: “हुजूर, त्याला मैदानात ठेवण्याची तरकीब माझी होती.”

संभा तेव्हा बैलगाडीत आडवा पडला होता. जर्सी अंगातच होती. तशीच ती पिंगळीला गेली.

*

वालूरच्या हाडवैद्यानं पट्ट्या बांधल्या आणि तीन महिने पाय हलवायचा नाही म्हणून सांगितलं. आठवड्यात साहेबांनी गंगारामला पिंगळीला पाठवलं. तिथं काय झालं ते गंगारामनंच मला सांगितलं.

“मामा, बसा. च्या घ्या. पण जर्सी न्हाई देणार,” संभा म्हणाला.

“आरं, धुवायला पायजे म्हणलेत सायेब.”

“म्या धुतलीय.”

“मग इस्तरी?”

“गुडगा सरळ झाला की ती बी सरळ करू.”

दोघांनाही ठाऊक होतं, ही जर्सी गेली की परत येणार नाही.

मग संभा म्हणाला, “सायबाला म्हणावं, सोता या. माझ्या तोंडाकडं बघून म्हणा, संभा, तू लंगडा झालास, तुझं काम संपलं. एवढं म्हणलं की म्या सोता घडी घालून देतो. मला नौकरीची भीक नकोय, मामा. तोंडावर सांगाया पायजे!”

गंगाराम तीनदा गेला. तिन्ही वेळा चहा पिऊन परत आला.

*

मी साहेबांच्या ऑफिसात गेलो. अकरा वर्षांत एवढ्या मोठ्यानं मी कधी बोललो नव्हतो.

“साहेब, पिंगळी एकच स्टेशन लांब आहे. जाऊन त्याला सांगा, ठेवणार का काढणार. तुमच्यासाठी त्यानं पाय घालवला.”

साहेबांनी टेबलावरचा कागद सरळ केला. “जर्सी जमा झाली का?”

“नाही.”

“मग मी त्यात कसा बोलणार, मुन्शी? जर्सीचा मामला परिटाच्या अखत्यारीतला आहे!”

मी म्हणालो, “मग खुर्चीवर त्यालाच बसवा! छत्री तुम्ही धरा!”

पुढच्या सामन्याच्या आदल्या दिवशी गंगाराम आमच्या दारावरून मान खाली घालून पुढं गेला. आई उंबऱ्यावर होती. म्हणाली, “आरं, चुकला वाटतं. हाक मार त्याला.”

मी हाक मारली नाही. वहीत त्या दिवशी एकच ओळ आहे: ‘गंगाराम थांबला नाही. वारा पश्चिमेचा.’

*

साहेब महिन्याला रेल्वेनं सिकंदराबादला जायचे. सरकारी कॅलेंडराप्रमाणे इस्फंदार महिना, म्हणजे जानेवारीचा सुमार असावा. ज्वारी हुरड्यात आलेली. पिंगळीच्या पुढं संभाचं शेत रुळाला लागूनच होतं. गाडी तिथं हळू झाली, साहेबांनी खिडकीतून बाहेर पाहिलं. ज्वारीत बुजगावणं उभं होतं. डोक्याला मडकं, आणि अंगात फॅक्टरीची निळ्या पट्ट्यांची जर्सी! सगळी बटणं लावलेली!

चपराशी सोबत होता, त्यानं सांगितलं. साहेबांनी डोकं आत घेतलं, रुमालानं तोंड पुसलं आणि पूर्णेपर्यंत खिडकी लावून ठेवली. मग म्हणाले, “परत गेल्यावर गंगारामला पाठव.”

गंगाराम चौथ्यांदा गेला. संभा म्हणाला, “माझ्याकडं कुठं हाय, मामा? ज्याच्या अंगात हाय त्याला मागा की!”

गंगाराम म्हातारा माणूस. बुजगावण्यापुढं जाऊन थोडा वेळ उभा राहिला आणि परत आला. साहेबांना म्हणाला, “सायेब, मागितली. पण त्यो कायबी बोलंना!”

*

त्याच सुमाराला शेठ येणार अशी वर्दी आली. शेठना दर वर्षी टीम रांगेत उभी केलेली लागायची, अकरा माणसं आणि अकरा जर्सी. साहेबांकडं दहाच होत्या.

शुक्रवार होता, फॅक्टरीला सुट्टी. मला तर कामावरूनच सुट्टी मिळाली होती! मी पिंगळीला संभाकडं हुरडा खायला गेलो होतो. आम्ही माळ्यावर बसलो होतो. पाखरं उठवायला बांधलेलं ते मचाण, दोन पुरुष उंच. संभाच्या मांडीवर गोफण, बाजूला काठी. गुडघा बरा झाला होता, वाकत मात्र नव्हता.

दुपारच्या गाडीनं एक माणूस पिंगळी स्टेशनावर उतरला आणि रुळाच्या कडेनं चालत आला. काळी शेरवानी, काळी टोपी, बगलेत छत्री. साहेब! सोबत चपराशी नाही, गंगाराम नाही.

मी उठायला लागलो. संभानं माझा हात धरला. “बसा, मुन्शीजी. येऊ द्या. सोता आलाय.”

मला वाटलं, आता तरी हा माणूस हाक मारील. साहेब बांधावर थांबले. शेतातल्या खोपीकडं पाहिलं, तिथं कुणी नव्हतं. वर पाहिलंच नाही. ज्वारीत शिरले आणि थेट बुजगावण्यापुढं जाऊन उभे राहिले. शेरवानीचा घेर झटकला. टोपी नीट केली. घसा खाकरला. आणि मडक्याकडं, डोळ्याला डोळा लावावा तसं बघून, स्वच्छ आवाजात म्हणाले:

“संभाजीराव, तुमचा पाय गेला. आता टीमला तुमची जरुरी नाही. फॅक्टरीलाही नाही. मी तुम्हाला कमी करतो आहे.”

अकरा वर्षांत हे वाक्य त्यांच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकलं. कुठंही अडखळले नाहीत.

मग ते जर्सीची बटणं सोडायला लागले. एक सुटलं. दुसरं सुटलं.

संभानं गोफण खाली ठेवली. काठी घेतली. तो पाय ताठ ठेवून, एक एक आडवं लाकूड धरत माळ्यावरून उतरला. ज्वारीतून वाट काढत साहेबांच्या पाठीमागं पाच पावलांवर जाऊन उभा राहिला.

“सायेब, त्यो न्हवं. म्या हिकडं हाय. आता मला सांगा.”

तिसऱ्या बटणावर साहेबांचा हात थांबला.

“सांगा की! आत्ता तर लय चांगलं बोललात.”

आभाळात ढगाचा ठिपका नव्हता. साहेबांनी बगलेतली छत्री काढली आणि उघडली.