तेल आत, आजोबा बाहेर

बाळांनो, परवा फोनवर तुम्ही दोघांनी विचारलंत, "आजी, तू आजोबांना घराबाहेर काढलंस?" गोष्ट समुद्रापलीकडे पोचेपर्यंत तिला चार पाय फुटलेले दिसतात. आणखी फुटायच्या आत खरं काय ते लिहून ठेवते.

आधी थोडं शास्त्र. मी आयुष्यभर कॉलेजात जीवशास्त्र शिकवलं, तेव्हा एवढं सहन करा. पेशीचं आवरण म्हणजे मेदाचे दोन थर. ते सारखे नसतात. काही मेद बाहेरच्या थरात जास्त, काही आतल्या. एक मेद तर आतच राहावा म्हणून पेशी सतत हमाली करते. बाहेर गेलेला उचलून आत आणते. पेशी मरायला टेकली की हमाली थांबते, तो मेद बाहेर दिसतो, आणि भक्षक पेशी समजतात, हिला आता खायचं. मेद तोच, फक्त बाजू बदलली.

वर्गात मी पोळीचा दाखला द्यायची. तेल घडीच्या आत राहिलं तर पोळी, बाहेर आलं तर पराठा. मुलं हसायची, पण विसरायची नाहीत.

आता आजोबा. स्वयंपाकघरात झुरळं झाली होती. फवारणीवाला म्हणाला, दुपारपर्यंत घरात कोणी थांबू नका. मला बाजारात जायचं होतं. आजोबांचे गुडघे धड नाहीत, म्हणून त्यांची आरामखुर्ची दाराबाहेर मांडून दिली. ते बनियन आणि पट्ट्यापट्ट्यांच्या लेंग्यात ऐसपैस बसले.

आमच्या जुईनगरच्या सोसायटीत दाराबाहेर ठेवलं म्हणजे टाकलं, असा रिवाज आहे. जुनी गादी, फुटका माठ, काहीही. झाडूवाली आली.

"काका, खुर्ची न्यायची ना?"

"मी बसलोय ना."

"मग उठल्यावर नेते."

मी परतले तेव्हा जवळच्या दिवाळे गावाहून मासे घेऊन येणारी आमची कोळीण जिन्यात उभी होती. "काय गो काकू, म्हाताऱ्याला भायेर काढलास? चांगला तं हाय अजून!"

"अगं, झुरळं झाली म्हणून."

"झुरलांसाठी नवरा काढला!" ती हसत वर गेली. टोपलीबरोबर बातमीही मजल्यामजल्यावर उतरली.

समोरच्या वहिनींनी पोहे आणले. वरून साबुदाणा वडे आले. सेक्रेटरी समेट घडवायला आले आणि त्यांनी परस्पर तुमच्या बाबाला फोन लावला. औषधाचा वास गेला तरी आजोबा आत येईनात. दुसऱ्या दिवशीही सकाळी खुर्ची बाहेर.

"अहो, आत चला."

"आत पोहे आहेत का?"

इथे भक्षक पेशींचं गणितच उलटं झालं होतं. बाहेर दिसले म्हणून त्यांना कोणी खात नव्हतं. सगळे खायला घालत होते.

तुमच्या बाबाला मात्र हसू येत नव्हतं. "आई, तुम्हा दोघांचं तिथे आता निभत नाही. फ्लॅट विकू. वृद्धांसाठी एक चांगली जागा बघितलीय. संध्याकाळी व्हिडिओ कॉल करतो, बाबांना बघतो आणि नक्की करू." म्हणजे त्या वेळी आजोबा दाराबाहेर सापडले की आमचं घर गेलं. मी हे त्यांना स्पष्ट सांगितलं.

"बघू," ते म्हणाले. "संध्याकाळी बटाटेवडे येणार आहेत."

मग मी पेशीचं काम केलं. कणीक मळली, घडीला तेल लावलं, तवा तापवला आणि दार सताड उघडं ठेवलं. पोळी फुगल्याचा वास पॅसेजमध्ये गेला. थोड्या वेळाने खुर्ची करकरली. आजोबा आत आले; खुर्ची मागून ओढत, कारण झाडूवालीवर त्यांचा विश्वास नव्हता.

कॉल लागला तेव्हा ते टेबलाशी होते, हनुवटीला तूप.

"बाबा, आईने तुम्हाला बाहेर का काढलं?"

"झुरळांसाठी."

"मग गेली का झुरळं?"

ताटामागून एक निवांत चाललं होतं. आजोबांनी त्याला वाट दिली. "ती आतच होती. बाहेर मी होतो."

तुमचा बाबा लहानपणी हसायचा तसा हसला, डोळे पुसत. मग म्हणाला, "राहा तिथेच."

तर घर आहे. आजोबा आत आहेत, खुर्ची आत आहे. झुरळंही आहेत.